उपसर्गांचे भाषांतर : लॅटिन, इंग्रजी आणि मराठी परिभाषा

१

इंग्रजी पारिभाषिक शब्दाला मराठी प्रतिशब्द घडविताना आपल्याकडे बहुधा एक ठराविक रीत अवलंबिली जाते. शब्दाच्या आरंभीचा लॅटिन उपसर्ग प्रथम वेगळा काढावयाचा, त्याच्या जागी एक संस्कृत उपसर्ग बसवावयाचा, आणि मग उरलेल्या अंगासाठी धातू शोधावयाचा. ‘सब्’ दिसला की ‘उप’, ‘कॉन्’ दिसला की ‘सम्’, ‘री’ दिसला की ‘पुनर्’ किंवा ‘प्रति’. ह्या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. उपसर्गाला स्वतःचा असा निश्चित अर्थ असतो व तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता येतो, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात त्याची परीक्षा करावयाची आहे. ‘उपसर्ग’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे. ‘पुनर्’ हे पाणिनीय गणनेप्रमाणे उपसर्ग नसून अव्यय आहे, आणि ‘पोट’ हे तर साधे नाम. परंतु शब्दाच्या अग्रभागी राहून अर्थाला वळण देण्याचे काम ती दोन्ही करतात, आणि येथे प्रयोजन त्या कामाशी आहे.

हा प्रश्न केवळ वैयाकरणांचा नाही. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. तेथील शेतकऱ्याला ज्या महसुली मराठीशी व्यवहार करावा लागतो, तीत ‘पोटहिस्सा’, ‘पोटखराबा’, ‘बिनशेती’ हे शब्द आहेत. आणि ‘अकृषिक’, ‘अवैध’, ‘पुनर्विलोकन’ हेही आहेत. पहिल्या गटातील शब्द बोलीत मुरलेले आहेत. दुसऱ्या गटातील शब्द कागदावरून कानी पडतात. दोन्ही गटांत अर्थाचा भार शब्दाच्या अग्रभागी आहे. ज्या दोन अक्षरांनी जमिनीचे स्वरूप ठरते, ती अक्षरे त्या जमिनीच्या धन्याला उमगतात की नाही, हा भाषेचा प्रश्न आहे तसाच न्यायाचाही आहे.

२

लॅटिन उपसर्ग इंग्रजीत आले ते सुटे आले नाहीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या द्वारे, आणि पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात थेट लॅटिन ग्रंथांतून, संपूर्ण शब्द इंग्रजीत शिरले. उपसर्ग त्यांच्या अंगाला चिकटून आले. लॅटिनमधील ‘कापेरे’ म्हणजे घेणे. त्यापासून उपसर्गयोगाने ‘रेकिपेरे’, ‘देकिपेरे’, ‘कोन्किपेरे’, ‘पेर्किपेरे’ ही क्रियापदे झाली. फ्रेंचमधून ती इंग्रजीत ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘पर्सीव्ह’ ह्या रूपांनी स्थिरावली. ह्यांतील ‘सीव्ह’ ह्या अंगाला इंग्रजीत स्वतंत्र अस्तित्व नाही. मग उपसर्गाने कोणाचा अर्थ बदलला? इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने कोणाचाच नाही. त्याला चार निरनिराळे शब्द ठाऊक आहेत. त्यांच्यातील नाते केवळ व्युत्पत्तिज्ञाला दिसते.

आपल्याकडील ‘आहार’, ‘विहार’, ‘प्रहार’, ‘संहार’, ‘परिहार’ ह्या मालिकेची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. हे सर्व ‘हृ’ धातूचे शब्द. परंतु जेवणाला बसलेल्या मराठी माणसाला ‘आहार’ म्हणताना ‘संहार’ आठवत नाही. ह्या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. यास्काने निरुक्ताच्या आरंभीच दोन मते नोंदविली आहेत. शाकटायनाच्या मते नामाख्यातापासून तोडलेल्या उपसर्गाला स्वतःचा अर्थ सांगता येत नाही. तो दुसऱ्याचा अर्थ उजळतो इतकेच. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे अर्थ आहेत, आणि ते नाना प्रकारचे आहेत. आपले परिभाषाकार न सांगता गार्ग्याच्या पक्षात जाऊन बसले आहेत. मात्र ‘नाना प्रकारचे’ ही त्याची पुस्ती त्यांनी सोडून दिली आहे.

उपसर्गाचे रूप बदलण्याची लॅटिनची तऱ्हाही संस्कृतज्ञाला परकी वाटणार नाही. निषेधार्थी ‘इन्’ पुढील व्यंजनाप्रमाणे बदलून ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’ असे शब्द होतात. ‘उत्’चे ‘उच्चार’, ‘उज्ज्वल’, ‘उल्लेख’, ‘उन्नती’ होतात त्याच न्यायाने. ही संधी दोन्ही भाषांत जुन्या घडणीची खूण आहे. जो उपसर्ग आज नव्याने जोडला जातो तो सहसा आपले रूप सोडीत नाही.

३

येथे जिवंत उपसर्ग आणि निर्जीव उपसर्ग असा भेद करणे आवश्यक होते. इंग्रजीतील ‘री’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ‘रिसीव्ह’मध्ये तो निर्जीव आहे, परंतु ‘रीबिल्ड’, ‘रीराइट’, ‘रीथिंक’ ह्या शब्दांत तो अस्सल जर्मानिक वंशाच्या क्रियापदांना बिनदिक्कत जोडला गेला आहे, आणि तेथे ‘पुन्हा’ हा त्याचा अर्थ कोणासही कळतो. रोमन लिपीत दोहोंचे लेखन एकच असल्यामुळे कित्येकदा मध्ये आडवी रेघ घालून भेद दाखवावा लागतो. देवनागरीत मात्र उच्चारच भेद उघड करतो : ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणा, ‘रीफॉर्म’ म्हणजे पुन्हा आकार देणे, ‘रिकव्हर’ म्हणजे बरे होणे किंवा परत मिळविणे, ‘रीकव्हर’ म्हणजे पुन्हा आच्छादणे. जिवंत उपसर्गाचा स्वर दीर्घ राहतो, निर्जीवाचा आखडतो.

दुसरे उदाहरण ‘इन्’चे. इंग्रजीत लॅटिन ‘इन्’ दोन आहेत : एक निषेधाचा, दुसरा ‘आत’ ह्या अर्थाचा. ‘इन्फ्लॅमेबल’ ह्या शब्दात दुसरा आहे. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा. परंतु ‘न पेटणारा’ असा त्याचा नेमका उलटा अर्थ लोकांनी घेऊ नये म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात उपसर्ग गाळून ‘फ्लॅमेबल’ हाच शब्द पुढे आणण्यात आला. उपसर्ग मरतो तेव्हा तो स्वस्थ पडून राहत नाही. दुसऱ्याचे सोंग घेऊन उठतो, आणि प्रसंगी प्राणावर बेततो. मराठीत ‘ज्वालाग्राही’ हा शब्द योजला गेला आणि हा घोटाळा मुळातच टळला. तेथे ‘इन्’चे भाषांतर केलेले नाही, वस्तूच्या गुणाचे केलेले आहे. मात्र आपणही अशा घोटाळ्यांपासून मुक्त नाही. ‘निवास’, ‘निधी’ ह्यांतील ‘नि’ आणि ‘निकामी’, ‘निलाजरा’ ह्यांतील ‘नि’ हे एकरूप दिसतात, पण एक स्थापन करतो आणि दुसरा नाकारतो.

४

लॅटिन आणि संस्कृत उपसर्गांत खरेखुरे नाते आहे, आणि परिभाषाकारांचा मोह तेथूनच उत्पन्न होतो. ‘प्रो’ आणि ‘प्र’, ‘इंटर्’ आणि ‘अंतर्’, ‘सब्’ आणि ‘उप’, ‘अब्’ आणि ‘अप’, निषेधार्थी ‘इन्’ आणि ‘अ’ अथवा ‘अन्’ ही एकाच इंडो-युरोपीय कुळातील भावंडे होत. परंतु कुळ एक म्हणून काम एक, असे होत नाही. उलट ‘कॉन्’ आणि ‘सम्’ ह्यांचे मूळ भिन्न असूनही काम पुष्कळसे एक आहे. वंशावळ पाहून प्रतिशब्द ठरविणे म्हणजे चुलतभाऊ आहे म्हणून त्याच्या सहीने दुसऱ्याचे खाते चालविण्यासारखे आहे.

ह्या दृष्टीने दोन प्रयत्नांची तुलना उद्‌बोधक ठरते. पहिला डॉ. रघुवीर ह्यांचा. नागपूर येथील वास्तव्यातही त्यांनी परिभाषेचे प्रचंड कार्य केले. शासकीय व शैक्षणिक शब्दांचा त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय ह्यांच्या संयोगातून हव्या तितक्या संज्ञा सिद्ध करता येतात, ही त्यांची भूमिका होती. तिचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. ‘विधी’ पासून ‘वैध’, ‘अवैध’, ‘विधान’, ‘विधायक’, ‘संविधान’ असे एक अख्खे कुटुंब उभे राहते आणि एक शब्द कळला की इतरांची वाट सुकर होते. परंतु ही सुकरता ज्याला संस्कृत घडण अवगत आहे त्याच्यापुरती असते.

दुसरा प्रयत्न मराठवाड्याला अधिक जवळचा असूनही मराठीत त्याची चर्चा फारशी होत नाही. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीबरोबर १९१७ साली भाषांतर विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, स्थापन झाला. त्या वर्तुळातील मौलवी वहीदुद्दीन सलीम ह्यांनी १९२१ मध्ये ‘वज़ए इस्तिलाहात’ हा परिभाषानिर्मितीवरील ग्रंथ लिहिला. अरबी भाषा शब्दाच्या आतील स्वर बदलून नवे शब्द घडविते. उर्दू ही आर्यकुलीन भाषा असल्यामुळे तिने अग्रयोग, अंत्ययोग आणि समास ह्या आपल्या स्वाभाविक मार्गाने जावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. शब्द कोणत्या कुळातून आला ह्यापेक्षा तो आपल्या भाषेत कसा जुळतो, ह्याला त्यांनी महत्त्व दिले. रघुवीरांना भांडार हवे होते ते एका भाषेचे. सलीमांनी वापरात असलेल्या सर्व भाषांचे भांडार उघडे ठेवले. मराठीला ह्या दुसऱ्या भूमिकेपासून शिकण्यासारखे अधिक आहे असे आम्हांस वाटते.

५

ह्याचा अर्थ संस्कृत उपसर्गांनी घडविलेली परिभाषा निष्फळ ठरली, असा नव्हे. प्रकाशशास्त्रातील संज्ञा पाहाव्या. इंग्रजीत ‘रिफ्लेक्शन’ आणि ‘रिफ्रॅक्शन’ ह्या दोन संज्ञांत उपसर्ग एकच आहे. भेद धातूंचा आहे. एकात वाकविणे, दुसऱ्यात मोडणे. मराठी पाठ्यपुस्तकांत रूढ असलेल्या ‘परावर्तन’ आणि ‘अपवर्तन’ ह्या संज्ञांत उलट स्थिती आहे : धातू एकच, ‘वृत्’; भेद उपसर्गांचा. लॅटिनने जो भार धातूवर टाकला तो मराठीने उपसर्गावर टाकला. ‘डिफ्रॅक्शन’साठी ‘विवर्तन’ घेतल्याने त्रिकूट पूर्ण झाले. ही रचना यांत्रिक खासच नाही. तीत स्वतंत्र बुद्धी आहे.

तथापि तिची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. ‘परा’ आणि ‘अप’ ह्या दोन उपसर्गांतील फरक ज्या विद्यार्थ्याला बोलीतून मिळालेला नाही, त्याला तो पाठच करावा लागतो. ‘परावृत्त होणे’ हा प्रयोग मराठीत जिवंत असल्यामुळे ‘परावर्तना’तील माघारी वळणे त्याला जाणवते, ‘अपवर्तना’ला असा आधार नाही. ह्याच संकल्पनेसाठी पूर्वी रूढ असलेला ‘वक्रीभवन’ हा शब्द किंवा मराठी विश्वकोशातील ‘प्रणमन’ ही संज्ञा वाकण्याचे चित्र तरी डोळ्यांपुढे उभे करते. एकाच घटनेला तीन नावे मिळावीत, ह्यातच उपसर्गाधारित अर्थाची अस्थिरता दिसते.

‘कन्सेप्ट’साठी रूढ झालेल्या ‘संकल्पना’ ह्या शब्दाचे उदाहरण वेगळे आहे. ‘कॉन्’ला ‘सम्’ असे समीकरण येथे दिसते खरे. परंतु ‘संकल्पने’तील ‘सम्’ एकत्र येण्याचा अर्थ सांगत नाही. ‘कल्पना’ ह्या रोजच्या शब्दापासून शास्त्रीय संज्ञा वेगळी काढणे, हे त्याचे काम आहे, आणि ते तो चोख बजावतो. उपसर्गाची योग्यता त्याच्या कोशगत अर्थावरून नव्हे, तर तो कोणापासून कोणास वेगळे करतो ह्यावरून ठरते.

६

प्रशासनाच्या भाषेत ‘उप’ ह्या उपसर्गावर जे ओझे पडले आहे ते ह्या कसोटीवर तपासावे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदांची नावे मराठीत आली, हे कार्य मोठे होते. परंतु ‘सब्-इन्स्पेक्टर’ उपनिरीक्षक झाला, ‘डेप्युटी सेक्रेटरी’ उपसचिव झाला, ‘व्हाइस-प्रेसिडेंट’ उपाध्यक्ष झाला. लॅटिन ‘सब्’ म्हणजे खाली. ‘व्हाइस’ म्हणजे ऐवजी, जागी. खालचा अधिकारी, नेमलेला प्रतिनिधी आणि जागा चालविणारा ह्या तीन भिन्न संबंधांना मराठीत एकच उपसर्ग मिळाला. विद्यापीठांनी मात्र ‘व्हाइस-चॅन्सेलर’ला ‘कुलगुरू’ म्हटले आणि उपसर्गाला फाटा दिला. विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या पुरुषाला कोणाचा ‘उप’ म्हणणे विपरीत झाले असते. ‘सब ज्यूडिसे’ ह्या लॅटिन प्रयोगाला ‘न्यायप्रविष्ट’ हा जो प्रतिशब्द मिळाला, तोही असाच. ‘खाली’ ह्या कल्पनेचा त्यात मागमूस नाही, आणि अर्थ मात्र पूर्ण उतरला आहे.

‘सब्’च्या अर्थाने मराठीने स्वतः घडविलेले अग्रपद आहे ते ‘पोट’. ‘पोटहिस्सा’, ‘पोटजात’, ‘पोटकलम’, ‘पोटनियम’, ‘पोटनिवडणूक’ हे शब्द पाहा. ‘उप’ म्हणजे जवळ, ‘सब्’ म्हणजे खाली. ‘पोट’ म्हणजे आत. कायद्याचे पोटकलम कलमाच्या जवळ नसते, खालीही नसते; ते कलमाच्या आत असते. म्हणजे मराठीचा हा घरगुती शब्द लॅटिनपेक्षा आणि संस्कृतपेक्षा वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. ‘पोटखराबा’ म्हणजे गटाच्या आतील लागवडीस अयोग्य भाग. हा शब्द दिंद्रुडच्या शेतकऱ्याला समजावून द्यावा लागणार नाही, आणि न्यायालयातही तो ढिला पडत नाही.

७

जिवंत उपसर्ग ओळखण्याची एक कसोटी इंग्रजी ‘री’च्या चर्चेत सूचित झालीच आहे : जो उपसर्ग आपल्या कुळाबाहेरील शब्दाला सहज जोडला जातो तो जिवंत. ही कसोटी मराठीला लावली असता चित्र मोठे मनोवेधक दिसते. ‘गैर’ हे अरबीत ‘इतर, निराळा’ ह्या अर्थाचे नाम. मराठीत त्याने ‘गैरसमज’, ‘गैरसोय’, ‘गैरवापर’ असे शब्द मराठी शब्दांशी जुळवून घडविले, आणि ‘अयोग्य’ हा नवा अर्थ संपादिला. फारसी ‘बे’ने ‘बेघर’, ‘बेचव’, ‘बेभान’ घडविले. ‘बिन’ने ‘बिनचूक’, ‘बिनविरोध’, ‘बिनतारी’ दिले. ‘फेर’ने ‘फेरविचार’, ‘फेरमोजणी’, ‘फेरतपासणी’ दिले. आणि ‘नापास’ ह्या शब्दात तर फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जाऊन मिळाला, परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी ह्या शब्दाची व्युत्पत्ती कोणी विचारीत नाही.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तेव्हा ह्या भागातील कागदपत्रांत उर्दू-फारसी, मराठी आणि संस्कृतनिष्ठ हे थर एकावर एक बसलेले आढळावेत, ह्यात नवल नाही. परंतु फारसी तेवढे जिवंत आणि संस्कृत तेवढे निर्जीव, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ‘उप’ हा संस्कृत उपसर्ग ‘उपबाजार’ ह्या शब्दात फारसी ‘बाजारा’ला जोडला गेला आहे. ‘प्रति’ची कथा आणखी बोलकी आहे. १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले त्याच्या नावात संस्कृत उपसर्ग आणि फारसी नाम ह्यांचा मिलाफ आहे. लोकांनी ते नाव उचलले. पण ‘प्रति’ तोंडी बसेना, तेव्हा त्याचे ‘पत्री सरकार’ केले आणि पायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेशी त्याचा संबंध जोडला. अर्थ न लागणारा उपसर्ग लोक तसाच ठेवीत नाहीत. त्याच्या जागी आपल्याला दिसणारी वस्तू आणून बसवितात.

८

आता ज्या उदाहरणात उपसर्गाचे भाषांतर बिनचूक झाले आणि तरीही अर्थ निसटला, ते पाहू. माजलगाव तालुक्यातच सिंदफणा नदीवर माजलगाव धरण आहे. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. धरणांच्या प्रदेशात ‘पुनर्वसन’ हा शब्द निरक्षरांच्याही तोंडी असतो. संस्कृत घडणीचा शब्द अनुभवाने कसा जिवंत होतो, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे. परंतु हा शब्द ज्याचा प्रतिशब्द आहे त्या ‘रिहॅबिलिटेशन’कडे पाहावे. मध्ययुगीन लॅटिनमधील मूळ क्रियापदात ‘री’च्या पुढे ‘हॅबिलिस’ म्हणजे समर्थ, योग्य हा शब्द आहे. गेलेला दर्जा आणि अधिकार परत मिळवून देणे, हा त्याचा अर्थ. ‘पुनर्वसना’त ‘री’चे ‘पुनर्’ अचूक झाले. पण त्यापुढे ‘वस्’ धातू आला. समर्थ करण्याच्या जागी राहावयास देणे आले.

हा फरक शाब्दिक नाही. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रीसेटलमेंट’ हा शब्द होता, १९८६ च्या कायद्याच्या नावात ‘रिहॅबिलिटेशन’ आला. इंग्रजीत निदान नावापुरती एक पायरी चढली गेली. केंद्राच्या २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि मराठीत त्यांसाठी ‘पुनर्वसन’ व ‘पुनर्वसाहत’ असे शब्द योजले जातात. इंग्रजीत नवी वस्ती आणि पुन्हा उभारलेली उपजीविका अशा दोन भिन्न गोष्टी सुचविल्या आहेत. मराठीत दोन्ही शब्द एकाच ‘वस्’चे. भूखंड मिळाला म्हणजे पुनर्वसन झाले, असे म्हणावयास ही संज्ञा स्वतःच वाव देते. कारण राहण्यापलीकडचे काही तिने मागितलेलेच नाही. दिव्यांगांच्या पुनर्वसनात तर हा विसंवाद उघडाच पडतो. जी व्यक्ती आपल्या घरातून कधी उठलीच नाही तिचे ‘पुन्हा वसणे’ कसले? तेथे हवे असते ते पुन्हा समर्थ होणे.

ह्याउलट ‘धरणग्रस्त’ हा शब्द पाहावा. ‘विस्थापित’ ह्या शब्दात ‘डिस्’ला ‘वि’ असे सरळ भाषांतर आहे. तो जागा गेल्याचे सांगतो. ‘धरणग्रस्ता’त कोणत्याच लॅटिन उपसर्गाचे भाषांतर नाही, तो कोणी ग्रासले ते सांगतो. जागा न जाताही ज्याची विहीर, वाट किंवा बाजार गेला त्यालाही तो सामावून घेतो. चळवळींनी आणि वृत्तपत्रांनी हा शब्द उगीच उचलून धरला नाही.

९

सारांश, लॅटिन उपसर्ग इंग्रजी शब्दांचा अर्थ घडवितात हे विधान अर्धेच खरे आहे. त्यांनी तो एकदा, लॅटिनमध्ये, घडविला. इंग्रजीत त्यांतील थोडेच आजही घडवीत आहेत, इतर शब्दांच्या अंगी जिरून गेले आहेत. भाषांतर करणाराने प्रथम हे पाहावे की, समोरचा उपसर्ग काम करणारा आहे की केवळ खूण म्हणून उरलेला. काम करणारा असेल तर त्याच्यासाठी मराठीतील काम करणारे अग्रपद शोधावे, मग ते संस्कृत असो, फारसी असो, की ‘पोट’सारखे घरचे असो. निर्जीव असेल तर त्याला सोडून संपूर्ण शब्दाचे कार्य भाषांतरित करावे. आणि दोन्ही प्रसंगी उपसर्गाच्या पुढील अंगाकडे दुर्लक्ष करू नये. ‘पुनर्’ बरोबर असूनही ‘वसन’ अपुरे पडू शकते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या क्षेत्रात करण्याजोगे काम विपुल आहे. एका तालुक्याचे महसुली कागद घेऊन त्यांतील अग्रपदयुक्त शब्द वेचावेत, ते कोणत्या थरातील आहेत ते ठरवावे, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांना त्यांचा कोणता अर्थ लागतो हे गावात जाऊन विचारावे. कोशांच्या आधारे झालेल्या परिभाषाविवेचनाला अशा पाहणीची जोड मिळाली तरच ‘बिनशेती’ आणि ‘अकृषिक’ ह्यांतील निवड आवडीनिवडीच्या पलीकडे जाऊन पुराव्यावर उभी राहील.